पेरणीआधी शब्द द्या

संपादक महोदय,

गेल्या बुधवारी, गोव्यातल्या डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी, सकाळपासून पाऊस कोसळत होता. साडेअकराच्या सुमारास जरा उघाड पडली. आमच्या खाणावळीच्या पायरीला लागून साळ गावची एक मावशी प्लास्टिकचा कागद पांघरून बसली होती. पुढ्यात तवशी, दोडकी आणि सुपात थोडी फागलां (करटोली). एक गृहस्थ आले, त्यांनी तवशांचा भाव विचारला. पन्नासाला दोन, मावशी म्हणाली. चांगली हातभर लांब तवशी होती, सालीवर पांढरे पट्टे, देठाला अजून ओल. गृहस्थांनी एक उचललं, नख लावून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "सरकारी गाड्यावर काकडी याच्या निम्म्या भावात मिळते." मावशीने उत्तर दिलं नाही. नख लागलेलं तवसं तिने पदराने पुसलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी ते पन्नासाला चार घेऊन गेले. तिला बाराची बस गाठायची होती. मी दारातून विचारलं, "मावशी, एवढ्या स्वस्तात का दिलीस गं?" तर म्हणाली, "परती व्हरून कितें करूं, वयनी? गोरवांक घालतलें." म्हणजे परत नेऊन गुरांनाच घालायची.

हे पत्र त्या गृहस्थांना दोष द्यायला लिहीत नाही. मीही वीस वर्षं असाच भाव पाडून भाजी घेतली आहे. लिहिते आहे ते त्यानंतर जे शिकले ते सांगायला, कारण ते माझ्या एकटीच्या खाणावळीपुरतं राहिलं तर त्याचा कोणाला फारसा उपयोग नाही.

आमची खाणावळ सव्वीस वर्षं चालू आहे. एका वेळी चोवीस माणसं बसतात. औद्योगिक वसाहतीतले कामगार, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, कचेऱ्यांत कामाला आलेली माणसं, असं आमचं गिऱ्हाईक. दुपारचं शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), एक सुकी भाजी, एक तोंडाक (कडधान्याची रसभाजी), सोलकढी. पूर्वी माझा नवरा पहाटे घाऊक व्यापाऱ्याकडे जायचा आणि कोबी, फरसबी, गाजर, फ्लॉवर यांची पोती रिक्षात घालून आणायचा. ही भाजी बेळगावकडून चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटाने येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला कधी प्रश्न पडला नाही. भाजी पोत्यातून येते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घाटावरून येणाऱ्या गाड्या अडल्या. पहिले काही दिवस तर दुकानंही बंद होती, आणि गोव्यात घरोघरी आज काय रांधायचं हा प्रश्न उभा राहिला होता, ते वाचकांच्या लक्षात असेल. खाणावळ बंद होती, पण घरात आम्ही सात माणसं. चौथ्या की पाचव्या दिवशी मागच्या दाराला मये गावची एक बाई आली, मुलाच्या स्कूटरवर, मांडीवर भाजीची पाटी घेऊन. पाटीत तांबडी भाजी, मुळा, आळसांद्याच्या, म्हणजे आमच्या गावठी चवळीच्या, कोवळ्या शेंगा. ती दर बुधवारी बाजारात बसायची. बाजारच भरेना, आणि मळ्यात भाजी तयार होऊन उभी. म्हणाली, घे गं, किती द्यायचे ते दे, उद्या हिला फुलं येतील. मी पाटीतली सगळी भाजी घेतली आणि आमच्या वाड्यावर सात-आठ घरांत वाटून दिली. बायका धावत आल्या. आमच्या घरांपासून पाच किलोमीटरवर भाजी मळ्यात जून होत होती, आणि आम्ही तीन दिवस डाळ आणि सुक्या बांगड्यावर जेवत होतो.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी उलटं करत आलो आहोत.

खाणावळ पुन्हा उघडली तेव्हा मी त्या मयेच्या मावशीला बोलावून घेतलं. तिने आणखी एक पर्ये गावची आणली, जिच्या शेताला अंजुणे धरणाच्या कालव्याचं पाणी लागतं. पुढे साळची एक मिळाली. पायरीवर बसलेली ती हीच. तेव्हा तिघींबरोबर स्वयंपाकघरात चहा घेत आम्ही हिशेब केला. तो इथे सविस्तर देते, कारण सगळं म्हणणं या हिशेबातच आहे.

मी पर्येच्या मावशीला विचारलं, तू तांबड्या भाजीच्या किती जुड्या आणतेस? चाळीस. भाव? पंचवीस. मी मनात म्हटलं, म्हणजे हजार रुपये झाले की! तिने मान हलवली. सकाळी सात ते नऊ गिऱ्हाईक चांगलं, तेवढ्यात पंधरा जुड्या पंचविसाने जातात. नवानंतर ऊन चढतं, पानं मान टाकतात, मग पंधराने दहा जातात. अकरा वाजले की एखादा दुकानदार येतो, दहाने दे म्हणतो आणि दहा उचलतो. राहिलेल्या पाच घरी. मी पेन घेऊन बेरीज केली. सहाशे पंचवीस. चाळीस जुड्यांवर वाटले तर जुडीला जेमतेम साडेपंधरा. त्यातून येण्याजाण्याचं तिकीट, पाटीचं भाडं, चहा-पाव. आणि सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत एका जागी बसणं, ते तर कोणी धरतच नाही.

आणि मी भाजी तिच्याकडूनच घ्यायची ठरवली असती तर बाजारात पंचवीसच मोजले असते. म्हणजे मी पंचवीस देणार, तिच्या हातात पडणार साडेपंधरा. मधले पैसे कोणी दलालाने खाल्ले नव्हते. विकली जाईल की नाही हे ठाऊक नसण्यात ते गेले होते.

मग मी म्हटलं, तू रोज सकाळी सातच्या आत पंधरा जुड्या माझ्या दारात ठेव, मी जुडीला अठरा देईन, पाऊस असो, ऊन असो, गिऱ्हाईक असो, नसो. ती लगेच हो म्हणाली. मला ते स्वस्त पडलं आणि तिला ते जास्त पडलं. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात हे मी तोपर्यंत धंद्यात कधी पाहिलं नव्हतं. आता तो भाव बावीस आहे. दर वर्षी चतुर्थी झाली की आम्ही चौघी बसून तो पुन्हा ठरवतो.

दुसरी गोष्ट मला वर्षभराने कळली, आणि ती जास्त मोठी आहे. मयेची मावशी आधी चार-पाच चौरंगांएवढ्या वाफ्यातच भाजी करायची. बाकीचं शेत सरद (पावसाळी) भात कापलं की तसंच पडीक. खनिजाच्या खाणी चालू होत्या तेव्हा त्या शेतात गाळ आला होता, तो काढायला पैसे लागणार, आणि काढून पिकवलेलं विकायचं कुठे? आमचा व्यवहार ठरला त्या हिवाळ्यात तिने मुलाला घेऊन आणखी एक तुकडा साफ केला आणि त्यात आळसांदे व नवलकोल घातले. कारण तिला नोव्हेंबरमध्येच ठाऊक होतं की जानेवारीत खाणावळवाली किती घेणार. शेतकऱ्याला भाव लागतोच, पण त्याआधी तो कोणासाठी पेरतो आहे हे कळावं लागतं. आपण 'स्थानिक घ्या' म्हणतो ते बाजारात भाजी आल्यावर. तोवर तिचा निर्णय होऊन गेलेला असतो. पडीक शेत पडीकच राहिलेलं असतं.

आमच्या ताटातही फरक पडला. कोबी-गाजराची तीच ती भाजी वर्षभर करायची सवय सुटली. थंडीत मुळ्याची भाजी, तांबडी भाजी, नवलकोल, आळसांद्याचं तोंडाक. उन्हाळ्यात कच्च्या फणसाची भाजी, बिमलांचं लोणचं. पावसात तायखिळा (टाकळा), अळू, कुड्डुकेची भाजी, किल्ल (बांबूचे कोंब), मग तवशी, दोडकी, भेंडी. सोमवारी मासळी नसते तेव्हा खटखटं (मिश्र भाज्यांचा रस्सा) करते, त्यात तिरफळं घातली की आतल्या टेबलापर्यंत वास जातो. सुरुवातीला काहींनी कुरकूर केली. एक ड्रायव्हर महिनाभर विचारायचा, बटाट्याची भाजी कुठे गेली? आता तोच दारात पाय ठेवतानाच विचारतो, आज तायखिळा आहे का? बटाटा-कांदा आजही घाटावरूनच घेते. तूरडाळ, गव्हाचं पीठही. गोव्यात जे पिकत नाही ते पिकवा असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि बेळगावच्या शेतकऱ्याशी माझं वैर नाही. तोही आपलाच माणूस आहे, त्याच्याही घरी भाजी कुजते. माझं म्हणणं एवढंच की जी भाजी माझ्या गावात पिकते ती मी घाट ओलांडून आणू नये.

चुकाही झाल्या. २०२२ च्या जानेवारीत पुन्हा कोरोनाची लाट आली, गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, आणि एका सकाळी मी पर्येच्या मावशीला सांगितलं, आज पाचच जुड्या ठेव. ती काही बोलली नाही. दहा जुड्या परत पाटीत भरल्या आणि बाजारात जाऊन बसली. संध्याकाळी चारला मी तिथून जात होते तर ती तिथेच, पुढ्यात सहा जुड्या, पानं लोळलेली. सकाळच्या बसने आलेली बाई जेवली नव्हती. ठरलेला व्यवहार मी एका शब्दात मोडला होता, आणि तो मोडल्याची किंमत पूर्ण तिने भरली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पैशांचा हिशेब पूर्ण केला. तेव्हापासून आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे, ठरलेला माल कमी करायचा नाही. जास्त झाला तर त्याचे वडे करू, शेजारी वाटू, पण परत पाठवणार नाही.

मावशींच्या बाजूनेही अडचणी येतात. गेल्या वर्षी श्रावणात साळच्या मावशीच्या मोरडावर (उंचावरच्या शेतात) रानडुकरं शिरली आणि एका रात्रीत तवशांचे वेल उखडून गेली. पर्येकडे माकडं आहेत, आणि आता गवेरेडेही खाली उतरतात. त्या आठवड्यात मी बाहेरून काकडी आणली आणि फळ्यावर तसं लिहिलं. गिऱ्हाईकाला खरं सांगितलं तर गिऱ्हाईक समजून घेतं, हा माझा अनुभव आहे.

खरं सांगण्याचा विषय निघाला म्हणून. 'गावठी' या शब्दाची आपल्याकडे किंमत आहे आणि म्हणूनच त्याची चोरी होते. एका दुकानातून, नाव घेत नाही, मी स्वतः 'गावठी' म्हणून दोन वर्षं चवळीची पालेभाजी घेतली आणि नंतर पहाटे त्याच दुकानासमोर परराज्याच्या नंबरची गाडी उतरताना पाहिली. गोव्याच्या कितीतरी पिकांना गेल्या काही वर्षांत भौगोलिक मानांकन मिळालं. २०१९ मध्ये काणकोणच्या खोला मिरचीला, पुढे हरमलच्या मिरचीला, मयड्याच्या केळ्यांना, आपल्या जत्रेतल्या खाज्याला. २०२३ मध्ये मानकुराद आंब्याला, आगशीच्या वांग्यांना, सात शिरांच्या भेंडीला. ही मोठी गोष्ट आहे. पण कागदावरच्या मानांकनाने रस्त्याकडेच्या खोट्या मानकुरादाला आळा बसत नाही. तो बसतो विकणारी कोण आणि तिचं शेत कुठे हे आपल्याला ठाऊक असलं म्हणजे. मयेची मावशी जुडी बांधते ती केळीच्या सोपाने. मुळांना माती असते, आणि एखादं पान किड्याने खाल्लेलं असतं. रबर लावलेली, मुळं कापलेली, एकसारख्या उंचीची जुडी पाहिली की मी विचारते, कुठल्या गावची? विचारायला पैसे पडत नाहीत. खऱ्या शेतकऱ्याला तो प्रश्न आवडतो. तो गावाचं नाव तर सांगतोच, मळ्यापर्यंतची वाटही सांगतो.

फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. ते गाडे असावेत. कामगाराच्या घरी महिनाअखेरीला भाजी शिजते ती त्या सवलतीच्या भावामुळे, आणि महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडूनही भाजी विकत घेतं. पण ज्यांच्या घरी दोन मोटारी उभ्या आहेत त्यांनी गाड्यावरचा भाव दाखवून मावशीचा भाव पाडू नये, एवढं तर आपण करू शकतो. सवलतीचा भाव सरकार भरून काढतं. मावशीचा पाडलेला भाव कोण भरून काढणार?

आता मला जे सुचतं ते लिहिते. माझी खाणावळ लहान आहे, तिघींच्या पलीकडे मला झेपत नाही. पण माझ्यापेक्षा मोठी गिऱ्हाइकं गोव्यात जागोजागी आहेत. देवळांत महाप्रसाद होतात, सप्ताह होतात, जत्रा होतात, आणि त्यांच्या तारखा वर्षभर आधी ठरलेल्या असतात. हजार माणसांच्या पंगतीला लागणारा भोपळा, आळसांदे, उकडे तांदूळ देवस्थान समितीने जून-जुलैत गावातल्याच चार शेतकऱ्यांना सांगून ठेवला तर किती शेतं उभी राहतील! शाळांचा माध्यान्ह आहार बऱ्याच ठिकाणी महिलांचे स्वयंसाहाय्य गट शिजवतात. पावाबरोबरची ती भाजी वाटाण्याची असते, चण्याची असते. आठवड्यातून एक दिवस तरी ती गावातल्या आळसांद्यांची का नसावी? त्या गटातल्या बायकांचे आणि शेतात राबणाऱ्या बायकांचे वाडे एकच असतात. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांना 'गोव्याची चव' विकायची हौस आहे. त्यांनी ही चव जिथे पिकते तिथे जाऊन हंगामाआधी बोलणी करावीत, आणि पैसे तीन महिन्यांनी देण्याची पद्धत इथे चालवू नये. मावशीला त्याच दिवशी बियाण्याच्या दुकानात उधारी फेडायची असते.

लग्नाच्या जेवणावळींबद्दल तर लिहीतच नाही. गोव्यात लग्न आणि ताटात पनीर, एवढं म्हणून थांबते.

चतुर्थी जवळ आली आहे. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळांचा, बाजार भरेल. कांगलां, माटुळां, नागूलकुडो, सुपारीची शिपटां, तोरिंग, चिबूड. ही फळं घेऊन सत्तरी-पेडण्याहून माणसं येतात, चार दिवस फुटपाथवर झोपतात, त्यांच्यासाठी तो वर्षाचा मोठा बाजार असतो. या बाजारात मी भाव करत नाही, आणि वाचकांनीही करू नये असं मनापासून वाटतं. कांगलांचा एक घोस आणायला रानात किती उंच चढावं लागतं ते एकदा जाऊन पाहिलं तर तोंडातून भाव निघणार नाही. आमच्या डिचोलीत कुंभारांची घरं आहेत, तिथून मी दह्याची मडकी घेते. बुरुडाकडून सुपं-टोपल्या. पाव आमच्या वाड्यावरच्या पोदेराचाच, भल्या पहाटे सायकलीचा भोंपू वाजतो तो. यातल्या कोणालाही मी फार मोठं गिऱ्हाईक नाही. पण मी येणार हे त्यांना ठाऊक असतं.

एक मागणी मात्र बायकांच्या वतीने, आणि ती कोणत्याही एका नगरपालिकेला उद्देशून नाही. एका शहरात मागच्या वर्षी शेतातली भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना बाजाराच्या मुख्य रस्त्यावरून उठवलं आणि मागच्या गल्लीत बसवलं, जिथे पाऊस पडला की घोटाभर पाणी. गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. बायका महिनाभर बसल्या, मग येणंच बंद झालं. वाहतूक अडते हे खरं आहे. पण पहाटेपासून दुपारपर्यंत बसणाऱ्या बाईला डोक्यावर पत्रा, पायाखाली कोरडी जागा आणि जवळ स्वच्छ शौचालय द्यायला किती खर्च येतो? पर्येची मावशी बाजाराच्या दिवशी सकाळी पाणी पीत नाही. का, ते सांगायला नको. आमच्याकडे माल ठेवायला आली की ती पहिल्यांदा मागच्या न्हाणीकडे जाते आणि मग तांब्याभर पाणी पिते. पाच वर्षं हे पाहते आहे.

आता घरगुती गिऱ्हाइकांविषयी, कारण हे पत्र वाचणारे बहुतेक तेच असतील. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा, विचार आपण मे महिन्यात करतो. मिरच्या, सोलां, चिंच, कांद्यांच्या माळा, सुकी मासळी भरून ठेवायची ती पावसाच्या तोंडावर. पण मे महिन्यात जी गावठी मिरची आपल्याला हवी असते तिचं रोप शेतकरी घालतो ते भात कापल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. मिरची लावायची की नाही, किती वाफे लावायची, हे त्या वेळी ठरतं. मे महिन्यात आपण बाजारात जाऊन 'गावठी मिरची मिळत नाही हो हल्ली' म्हणतो तेव्हा त्याला सहा महिने उशीर झालेला असतो. चार-पाच माणसांच्या घराला वर्षाला तीन-साडेतीन किलो सुकी मिरची पुष्कळ होते. ती कोणाकडून घ्यायची हे आताच ठरवा. त्या बाईला तसं सांगा. शंभर रुपये हातावर ठेवा, नाहीतर नुसता शब्द द्या. तोही पुरतो, फक्त मोडायचा नाही.

पायरीवरच्या त्या साळच्या मावशीशी मी बुधवारी दुपारी बोलले. बाराची बस तिची चुकलीच होती, म्हणून तिला आत बोलावून जेवायला वाढलं. जेवता जेवता ती म्हणाली, तिळारी धरणाच्या कालव्याचं पाणी यंदा वेळेवर सोडलं तर खालच्या कोपऱ्यात मिरची लावायचा विचार आहे. बी तिच्या सासूच्या वेळचं आहे, घरातच राखलेलं. जमीन आहे तेवढीत चाळीस किलो सुकी मिरची निघेल. मग हात धुऊन आली, पाटी उचलली आणि दारातून वळून विचारलं, "वयनी, तर मिरसांग कितली लावूं?"

माझ्या खाणावळीला पाच किलो लागते. मी पाच सांगितली. उरलेल्या पस्तीस किलोंसाठी हे पत्र लिहिलं आहे. ती दर बुधवारी सकाळी सात ते बारा, डिचोलीच्या बाजारात, आमच्या पायरीला लागून बसते.

आपली,
एक खाणावळवाली,
डिचोली